खडे, अक्षरं आणि घड्याळ: शोधणाऱ्या नजरेच्या हिशोबाची पार्श्वभूमी

तांदूळ निवडताना काळा खडा शोधावा लागतच नाही, तो आपणहून नजरेत भरतो. पांढऱ्या खड्यासाठी मात्र दाणे सरकवत बसावं लागतं. ताट मांडीवर घेऊन बसलेल्या कोणालाही हे ठाऊक असतं. पण हाच फरक मिलिसेकंदांत मोजायचा आणि त्यावरून मेंदू रंग, आकार, लांबी, कल (म्हणजे रेषेचा तिरपेपणा) अशी सुटी सुटी माहिती एकत्र कशी करतो हे ताडायचं, हा उद्योग अलीकडचा, साठेक वर्षांचा. या विषयातले बरेचसे वाद मेंदूबद्दलचे वाटतात. माझ्या मते त्यातले निम्मे घड्याळ कसं वाचायचं याबद्दलचे आहेत.

घड्याळाची परंपरा जुनी आहे. १८६०च्या दशकात नेदरलँड्समधल्या युट्रेख्टमध्ये डोंडर्स या शास्त्रज्ञांनी माणसाच्या पायाला विजेचा हलका झटका देऊन, त्याच बाजूचा हात हलवायला सांगून पाहिलं. कोणत्या पायाला झटका बसणार हे आधी माहीत असेल तर हात लवकर हलतो, माहीत नसेल तर उशिरा. दोन वेळांची वजाबाकी आली सेकंदाचा सुमारे पंधरावा भाग. हा ‘ठरवण्याचा’ वेळ, असं त्यांनी मांडलं. विचाराला वेळ लागतो आणि तो मोजता येतो, ही कल्पना तिथून रुजली. पुढे १९६६ साली मानसशास्त्रज्ञ सॉल स्टर्नबर्ग यांनी लोकांना काही आकडे लक्षात ठेवायला सांगून ‘हा आकडा त्यात होता का?’ असं विचारलं. यादीत एकेक आकडा वाढला की उत्तराला सुमारे ३८ मिलिसेकंद जास्त लागत होते. आलेखावर सरळ चढती रेष मिळाली. तेव्हापासून चढ म्हणजे एकामागून एक तपासणी, असा अर्थ लावण्याची सवयच लागली.

त्याच सुमारास दुसऱ्या बाजूला मेंदूची फोड चालली होती. ह्यूबेल आणि वीझेल या शास्त्रज्ञांना मांजरीच्या मेंदूत विशिष्ट कलाच्या रेषेलाच प्रतिसाद देणाऱ्या पेशी सापडल्या. या कामासाठी त्यांना १९८१चं नोबेल मिळालं. १९७०च्या दशकात लंडनमध्ये सेमिर झेकी यांनी माकडांच्या मेंदूत रंगाला आणि हालचालीला विशेष प्रतिसाद देणारे वेगवेगळे भाग दाखवले. म्हणजे हिरवा रंग एका ठिकाणी आणि आडवी रेष दुसऱ्या ठिकाणी. मग ‘हिरवी आडवी रेष’ कुठे तयार होते?

या प्रश्नाला सर्वांत गाजलेलं उत्तर दिलं मानसशास्त्रज्ञ ॲन ट्रीझमन यांनी. गॅरी गेलाड यांच्यासोबतचा त्यांचा १९८०चा शोधनिबंध आजही या क्षेत्रातल्या प्रत्येकाला वाचावा लागतो. प्रयोग साधा होता. तपकिरी ‘टी’ आणि हिरवे ‘एक्स’ यांच्या गर्दीत एक हिरवा ‘टी’ शोधायचा. नुसत्या रंगावरून तो ओळखता येत नाही आणि नुसत्या आकारावरूनही नाही. गर्दी एका अक्षरापासून तीस अक्षरांपर्यंत वाढवत नेली. अक्षर सापडलं तेव्हा दर जादा अक्षरामागे सुमारे २९ मिलिसेकंद लागले. ते नव्हतंच तेव्हा ‘नाही’ म्हणायला सुमारे ६७. हे जवळपास एकास दोन प्रमाण मोठं मोहक होतं. असलेली वस्तू सरासरी अर्ध्या वाटेत सापडते, नसलेलीसाठी सगळी गर्दी तपासावी लागते. हिशोब जुळला! निळं अक्षर शोधताना मात्र गर्दी कितीही वाढली तरी वेळ जवळजवळ तेवढाच राहिला.

ट्रीझमन यांनी अर्थ लावला तो असा: रंग, कल यांसारखे सुटे गुण सगळ्या दृश्यावर एकाच वेळी, फुकटात नोंदले जातात. ते एका वस्तूला चिकटवायला मात्र अवधान लागतं, आणि अवधान एका वेळी एकाच जागी जातं. अवधान म्हणजे डिंक, अशी ही कल्पना. डिंक कमी पडला तर गुण भलत्याच वस्तूला चिकटतील, हेही त्यातून निघत होतं, आणि झालंही तसंच. क्षणभर दाखवलेल्या रंगीत अक्षरांत लोकांना एकाचा रंग दुसऱ्यावर दिसल्याचं १९८२ साली त्यांनी नोंदवलं. सगळ्यात वजनदार पुरावा आला तो एका रुग्णाकडून. बुडापेस्टचे डॉक्टर रेझो बालिंट यांनी १९०९ सालीच एक विकार वर्णन केला होता. मेंदूच्या दोन्ही बाजूंच्या, वर-मागे असलेल्या भागांना (पॅरायटल) इजा झाल्यावर माणसाला एका वेळी एकच वस्तू दिसते. अशाच इजा झालेल्या एका रुग्णाचा अभ्यास १९९५ साली ट्रीझमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला. दोनच रंगीत अक्षरं समोर ठेवून, दहा-दहा सेकंद पाहायला देऊनही तो रंगांची अदलाबदल करत होता.

तरीही उत्तराला तडे जात होते. १९८९ साली जेरेमी वुल्फ आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की रंग आणि कल दोन्ही जुळवायचे असले तरी काही शोध अपेक्षेपेक्षा फार वेगात होतात. त्यांच्या मते सुटे गुणच नजरेला ‘तिकडे बघ’ असं सुचवतात. त्याच वर्षी डंकन आणि हम्फ्रीज यांनी वेगळंच मांडलं. गुण एक की दोन हा प्रश्नच दुय्यम. हवी ती वस्तू गर्दीशी किती मिळतीजुळती आहे आणि गर्दी आपसात किती सारखी आहे, यावर सगळं ठरतं. पांढऱ्या खड्याची गोष्ट इथे आली. मग १९९८ साली वुल्फ यांनी आपल्या प्रयोगशाळेत साठलेल्या सुमारे दहा लाख चाचण्यांचे चढ एकत्र मांडले. सोपे शोध एकीकडे, अवघड दुसरीकडे आणि मध्ये दरी, असं काही दिसलंच नाही. सोप्यापासून अवघडापर्यंत सलग पट्टा होता.

बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत एस. पी. अरुण यांनी २०१२ साली केलेली सूचना या पार्श्वभूमीवर वाचायला हवी. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: वेळ सरळ वाचण्याऐवजी त्याचा व्यस्त घ्या, म्हणजे एक भागिले वेळ. शोध जितका झटपट, तितका हा आकडा मोठा. म्हणजेच वस्तू आणि गर्दी यांच्यातल्या फरकाचं हे माप झालं. त्याआधी २०१० साली त्यांनी कार्ल ओल्सन यांच्यासोबत दाखवलं होतं की माकडाच्या मेंदूच्या कानशिलाकडच्या खालच्या भागातल्या पेशींना जे आकार अधिक वेगळे वाटतात, तेच माणसांनाही गर्दीत लवकर सापडतात.

आर. टी. प्रमोद आणि अरुण यांनी २०१४ साली हेच माप घेऊन विचारलं: वस्तू गर्दीपेक्षा दोन बाबतींत वेगळी असेल तर? समजा, फक्त लांबीच्या फरकावरून शोधायला १ सेकंद लागतो आणि फक्त कलावरून २ सेकंद. दोन गुणांची शर्यत लागत असेल तर जो आधी पोचेल तो जिंकेल, आणि वेळ १ सेकंदाच्या आसपास राहील. पण दोघांचे पुरावे एकत्र साठत असतील तर व्यस्तांची बेरीज होईल: १ अधिक ०.५, म्हणजे १.५, आणि वेळ साधारण ०.६७ सेकंद. (हे आकडे समजावण्यापुरते माझे.) प्रत्यक्ष प्रयोगांत उजेडाची तीव्रता, लांबी आणि कल यांची सरळ बेरीजच जिंकली. अंदाज आणि निरीक्षण यांच्यातला सहसंबंध ०.९५ इतका निघाला (१ म्हणजे तंतोतंत जुळणी).

इथे एक सावधगिरी हवी. ट्रीझमन यांच्या हिरव्या ‘टी’चा एकेक गुण गर्दीत कोणाकडे ना कोणाकडे होताच, इथे वस्तू दोन्ही गुणांत सगळ्यांपेक्षा वेगळी आहे. प्रश्न शेजारचे आहेत, एक नाहीत. बेरीज जिंकली म्हणून डिंकाची गरज संपली, असं म्हणता येत नाही.

मला सर्वांत आवडलेला भाग आयताचा आहे. आयताची लांबी आणि रुंदी मनात सुटी राहत नाहीत, त्यांची सरळ बेरीज होत नाही, असं मानसशास्त्रात फार पूर्वीपासून मानलं जात होतं. प्रमोद आणि अरुण यांच्या प्रयोगातही आधी तसंच दिसलं. मग त्यांनी हिशोबात तिसरा गुण घातला, लांबी-रुंदीचं गुणोत्तर, आणि बेरीज पुन्हा सरळ झाली. यातून एक भाकीत निघत होतं: गुणोत्तर सारखंच ठेवून आकार लहानमोठे केले तर शोध अवघड व्हायला हवा. वेगवेगळ्या आकृत्यांवर त्यांनी ते तपासलं, आणि तो अवघड झाला.