कीबोर्डचं कनेक्शन मध्येच का तुटतं?

टाइप करता करता अक्षरं उमटायची थांबतात आणि एखाद-दोन सेकंदांनी पुन्हा सुरू होतात. असं दिवसातून चार-पाचदा व्हायला लागलं, की बहुतेक जण आधी ड्रायव्हर, म्हणजे कॉम्प्युटरला कीबोर्डशी बोलायला मदत करणारा प्रोग्राम, काढून पुन्हा टाकतात. हा उपाय क्वचितच लागू पडतो. साध्या कीबोर्डला लागणारा ड्रायव्हर ऑपरेटिंग सिस्टिममध्ये मुळातच असतो आणि तो बिघडला तर सहसा कायमचा बिघडतो. घटकेत चालू, घटकेत बंद असं करत नाही. अधूनमधून येणारा बिघाड बहुतेक वेळा वायर, जोड, वीजपुरवठा किंवा रेडिओलहरी यांपैकी कशात तरी असतो. तो शोधायचा तर कनेक्शन 'तुटलं' हे कॉम्प्युटर कशावरून ठरवतो, ते आधी समजून घ्यायला हवं.

साध्या यूएसबी केबलमध्ये चार वायरी असतात. लाल वायर ५ व्होल्ट आणते, काळी ग्राउंडची, म्हणजे वीज परत नेणारी, असते, पांढरी आणि हिरवी या डेटाच्या. पांढरीला डी-मायनस म्हणतात, हिरवीला डी-प्लस. कॉम्प्युटरच्या बाजूला या दोन्ही डेटा वायरी १५ किलोओहमच्या रेझिस्टरमार्फत (विजेला ठरावीक अडथळा करणारा छोटा भाग) ग्राउंडला जोडलेल्या असतात, त्यामुळे पोर्ट रिकामा असताना त्यांच्यावर जवळपास शून्य व्होल्ट असतात. कीबोर्डमध्ये १.५ किलोओहमचा एक रेझिस्टर असतो. तो यांपैकी एका वायरीला ३.३ व्होल्टच्या दिशेने वर ओढतो. सेकंदाला १५ लाख बिट पाठवणाऱ्या 'लो स्पीड' कीबोर्डमध्ये पांढरी वायर वर जाते, १ कोटी २० लाख बिट पाठवणाऱ्या 'फुल स्पीड' कीबोर्डमध्ये हिरवी. कोणती वायर वर गेली, त्यावरून कॉम्प्युटरला काहीतरी जोडल्याचंही कळतं आणि त्याचा वेगही कळतो. एवढ्या एका रेझिस्टरवर सगळी ओळखपाळख चालते, हे मला यूएसबीमधलं सर्वांत सुंदर काम वाटतं.

आता उलट बाजू. कॉम्प्युटर स्वतः काही पाठवत नसताना दोन्ही डेटा वायरी खाली आल्या आणि २.५ मायक्रोसेकंदांहून जास्त काळ खालीच राहिल्या, तर कीबोर्ड काढून घेतला असं तो धरून चालतो. मग वायर लगेच वर आली तरी त्याला सगळी जोडणी नव्याने करावी लागते. जोड स्थिर झालाय का हे पाहायला १०० मिलिसेकंद थांबायचं, रीसेट द्यायचा, नवा पत्ता द्यायचा, कीबोर्डकडून त्याची माहिती मागवायची, ड्रायव्हर लावायचा. म्हणजे सैल जोडातला सेकंदाच्या दहालाखाव्या भागांत मोजावा लागेल एवढा खंड आपल्याला अर्धा-एक सेकंद भोवतो. वायर डोळ्यांना धडधाकट दिसत असूनही कनेक्शन तुटत राहतं, ते यामुळेच.

पण कनेक्शन खरंच तुटतंय का? ते तपासायला कॅप्स लॉक दाबा. हा दिवा कीबोर्ड स्वतःच्या मनाने लावत नाही. कळ दाबल्याची खबर कॉम्प्युटरकडे जाते आणि दिवा लावण्याचा हुकूम तिकडून परत येतो. अक्षरं उमटत नसताना दिवा मात्र कळीसरशी लागत-विझत असेल, तर कनेक्शन शाबूत आहे. घोळ त्या प्रोग्राममध्ये किंवा सेटिंगमध्ये आहे. विंडोजमध्ये उजवी शिफ्ट कळ ८ सेकंद दाबून धरली, की 'फिल्टर कीज' सुरू करण्याची विचारणा होते. नकळत होकार दिला गेला, की झटपट दाबलेल्या कळी कॉम्प्युटर मोजतच नाही आणि कीबोर्ड मेल्यासारखा वाटतो. उलट, विंडोजने उपकरण काढल्याचा उतरता सूर वाजवला आणि मग जोडल्याचा चढता, तर कनेक्शन नक्की तुटलं होतं.

कीबोर्डला मागून उजेड असेल तर निदान आणखी सोपं. अक्षरं थांबली त्या क्षणी उजेडही विझला किंवा रंगांचा नाच पहिल्यापासून सुरू झाला, तर वीजच तुटली. लाल किंवा काळी वायर, नाहीतर पोर्ट. उजेड होता तसाच राहिला आणि फक्त अक्षरं थांबली, तर वीज पोहोचते आहे. संशय पांढऱ्या-हिरव्या वायरीवर किंवा कॉम्प्युटरच्या सेटिंगवर.

तुटण्याची वेळही बरंच सांगून जाते. टेबल हलल्यावर किंवा कीबोर्ड पुढे-मागे सरकवल्यावर तुटतं, तेव्हा केबल बघावी. दहा-पंधरा मिनिटं हात न लावता ठेवल्यावरच तुटत असेल आणि टाइप करताना कधीच नाही, तर ती वीजबचतीची करामत. बाहेरच्या हार्ड डिस्कवर फायली चढवताना तुटत असेल, तर विजेचा तुटवडा किंवा रेडिओचा गोंगाट. कोरड्या हवेत खुर्चीवरून उठताना तुटत असेल, तर अंगावर साठलेल्या स्थिर विजेचा झटका चिपला रीसेट करत असण्याची शक्यता मोठी.

यानंतर एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आधी पोर्ट बदला आणि तोही डेस्कटॉपच्या मागच्या बाजूचा घ्या. तो मदरबोर्डलाच सोल्डर केलेला असतो, तर पुढचा पोर्ट आतून आणखी एका वायरीने आणि जोडाने मदरबोर्डपर्यंत पोहोचतो. मध्ये हब (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारा डबा) असेल तर तो काढा. मग केबल बदला, ती निघत असेल तर. शेवटी कीबोर्ड दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा. बिघाड कीबोर्डबरोबर गेला की जागेवरच राहिला, एवढंच बघायचं. इथे घाई फार नडते. तासातून एकदा तुटणारं कनेक्शन पोर्ट बदलल्यावर दहा मिनिटं टिकलं, यावरून काहीच सिद्ध होत नाही. बिघाड अनियमित असेल तर दोन बिघाडांमधल्या सरासरी अंतराच्या निदान तिप्पट वेळ वाट पाहावी. बिघाड कायम असूनही तेवढा वेळ निव्वळ योगायोगाने शांत जाण्याची शक्यता ५ टक्क्यांच्या आसपासच उरते.

बायोसचा, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होताना विंडोजच्याही आधी चालणाऱ्या प्रोग्रामचा, सेटिंग पडदा ही आणखी एक चांगली कसोटी. तिथे विंडोज नसतं, तिची वीजबचत नसते, इतर कुठलाही प्रोग्राम नसतो. तिथेही बाणाच्या कळी मध्येच अडकायला लागल्या, तर सॉफ्टवेअरमागचा वेळ वाचला.

वायरच्या कीबोर्डमध्ये पहिला संशयित केबलच. ती मधोमध सहसा तुटत नाही. प्लगमधून बाहेर पडते तिथे आणि कीबोर्डच्या अंगात शिरते तिथे, अशा दोन ठिकाणी तुटते, कारण सगळा वाक तिथेच येतो. आतल्या तांब्याच्या तारांचे धागे एकेक करत तुटतात आणि इन्सुलेशन मात्र अखंड राहतं. टेक्स्ट एडिटर उघडून एका हाताने एखादी कळ दाबून धरा, म्हणजे अक्षरांची रांग उमटत राहील. दुसऱ्या हाताने प्लगपासून सुरुवात करून केबल बोटभर अंतराने हलकेच वाकवत जा. रांग थांबली की जागा सापडली.

खात्री करायची तर मल्टिमीटर लागतो. कीबोर्ड कॉम्प्युटरपासून काढून ठेवा आणि खालचे स्क्रू काढून उघडा. काही स्क्रू रबरी पायांखाली किंवा स्टिकरखाली दडलेले असतात. केबल आत चार किंवा पाच पिनांच्या छोट्या कनेक्टरने बोर्डाला लागलेली दिसते. पाचवी पिन वायरींभोवतीच्या धातूच्या जाळीची. मीटरचं एक टोक तपासायच्या वायरीच्या पिनेवर, दुसरं प्लगमधल्या तिच्याच पट्टीवर. प्लगच्या पट्ट्या ओळीने ५ व्होल्ट, डी-मायनस, डी-प्लस, ग्राउंड अशा असतात. वायर चांगली असेल तर रोध एक ओहमच्या आत-बाहेर येतो आणि केबल वाकवली तरी हलत नाही. आकडा उड्या मारू लागला तर ती वायर गेली.

तुटलेला भाग दोन्ही बाजूंनी चार-पाच सेंटिमीटर सोडून कापून टाका आणि चारही वायरी रंगाला रंग जुळवून सोल्डर करा. सोल्डर करण्याआधीच प्रत्येक वायरीवर हीट श्रिंक नळीचा (तापवली की आवळून बसणारी नळी) तुकडा ओवून ठेवावा लागतो. जोड एका रेषेत न ठेवता थोडे पुढे-मागे ठेवले, तर ते एकमेकांना टेकत नाहीत. स्वस्त केबलमध्ये रंग भलतेच असू शकतात, म्हणून रंगावर विसंबण्यापेक्षा कोणती वायर कोणत्या पट्टीला जाते, ते मीटरने तपासा. पांढरी-हिरवीची अदलाबदल झाली तर कीबोर्ड फक्त ओळखला जात नाही. लाल-काळीची झाली तर आतली चिप जळू शकते.

निघणारी केबल असलेल्या कीबोर्डमध्ये टाइप-सी सॉकेटमध्ये धूळ आणि कापडाचे धागे ठासून बसतात आणि प्लग पूर्ण आत जात नाही. कीबोर्ड काढून लाकडी दातकोरणीने ते हळूच उकरून काढा. टाचणी किंवा सुई नको. आतली मधली जीभ नाजूक असते. सॉकेटच बोर्डावर हलत असेल तर त्याचं सोल्डर तडकलं आहे आणि नवी केबल आणून उपयोग नाही.

आता विजेचं. यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो, ३.० पोर्ट ९००. साध्या कीबोर्डला यातलं फारच थोडं लागतं, पण प्रत्येक कळीखाली रंगीत दिवा असलेला कीबोर्ड काहीशे मिलिअँपिअर खाऊ शकतो. हिशोब करून पाहू. बारीक केबलमधली ०.३२ मिलिमीटर जाडीची तांब्याची तार मीटरला सुमारे ०.२१ ओहम रोध दाखवते. केबल २ मीटरची असेल तर वीज जाऊन-येऊन ४ मीटर फिरते, म्हणजे सुमारे ०.८५ ओहम. त्यातून ४०० मिलिअँपिअर गेले की ०.३४ व्होल्ट वाटेतच खर्च होतात. स्वतःचा अडॅप्टर नसलेल्या हबला हाच कीबोर्ड लावला, तर हबमध्येही आणखी घट होते. नियमाप्रमाणे अशा हबच्या प्रत्येक पोर्टला १०० मिलिअँपिअरच मिळायचे असतात आणि तिथला दाब ४.४ व्होल्टपर्यंत उतरलेला चालतो. त्यातून केबलची घट वजा केली की चिपपर्यंत जेमतेम ४ व्होल्ट पोहोचतात. सगळे दिवे एकदम पांढरे झाले की दाब क्षणभर आणखी खचतो, चिप रीसेट होते आणि कनेक्शन तुटतं. दिव्यांचा उजेड पूर्ण बंद करून काम करून बघा. तुटणं थांबलं तर बिघाड कीबोर्डात नाही, पुरवठ्यात आहे. थेट पोर्ट, आखूड आणि जाड केबल किंवा अडॅप्टरवर चालणारा हब, यांपैकी काहीही चालेल.

वीजबचत बंद करायला विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडा. 'युनिव्हर्सल सीरियल बस कंट्रोलर्स'खाली प्रत्येक 'यूएसबी रूट हब'च्या प्रॉपर्टीजमध्ये पॉवर मॅनेजमेंट हा टॅब असतो. त्यातली, वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करण्याची कॉम्प्युटरला परवानगी देणारी, खूण काढा. मग पॉवर ऑप्शन्सच्या प्रगत सेटिंगमध्ये 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' डिसेबल करा. लिनक्सवर टर्मिनलमध्ये डीमेसेज (dmesg, सिस्टिमच्या नोंदी दाखवणारी आज्ञा) चालू ठेवून काम करत राहा. कनेक्शन तुटताना तिथे 'यूएसबी डिस्कनेक्ट' अशी ओळ वेळेसकट येते. तिच्या आसपास 'एरर -७१' दिसली तर बिट वाटेत खराब होत आहेत, म्हणजे केबल, जोड किंवा वीज. 'ओव्हर-करंट' दिसलं तर कुठेतरी शॉर्ट आहे. तो पोर्ट लगेच रिकामा करा.

बिनवायरच्या कीबोर्डचा सर्वांत जास्त दुर्लक्षित शत्रू म्हणजे शेजारचा यूएसबी ३.० पोर्ट. डोंगल, म्हणजे कीबोर्डचे संदेश ऐकायला पोर्टमध्ये खोचलेला छोटा रिसीव्हर, २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतो. यूएसबी ३.० वर सेकंदाला ५०० कोटी बिट धावतात आणि त्यातून निघणारा रेडिओ गोंगाट याच पट्ट्यावर पसरतो. इंटेलने २०१२ मध्ये यावर मोजमापांसह तांत्रिक टिपण प्रसिद्ध केलं होतं. हार्ड डिस्कशेजारी खोचलेल्या डोंगलला कीबोर्डचा क्षीण आवाज त्या गोंगाटात ऐकू येत नाही. डोंगल यूएसबी २.० पोर्टला लावा, किंवा मीटरभर एक्स्टेंशन केबल घेऊन तो टेबलावर कीबोर्डच्या जवळ आणा. डेस्कटॉपच्या मागे खोचलेला डोंगल तर अख्ख्या लोखंडी डब्याआडून ऐकत असतो, म्हणून एक्स्टेंशनचा तिथे दुहेरी फायदा होतो. वाय-फाय ५ गिगाहर्ट्झवर नेलं तर पट्ट्यातली गर्दी आणखी कमी होते.

सेलबद्दल एक बारकावा. अल्कलाइन सेल नवा असताना १.५ व्होल्टचा असतो, रिचार्ज होणारा निकेल-मेटल हायड्राइड सेल १.२ व्होल्टचा. काही कीबोर्ड पूर्ण भरलेल्या रिचार्जेबल सेललाही 'संपत आला' समजतात. सेलच्या पट्ट्यांवर पांढरा चुरा जमला असेल तर तो गळलेल्या अल्कलाइन सेलचा क्षार. व्हिनेगरचा थेंब लावलेल्या कापसाने तो पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ करून पूर्ण वाळू द्या. बराच वेळ न वापरल्यावर पहिलं अक्षर गळणं हा मात्र बिघाड नव्हे. कीबोर्ड झोपलेला असतो आणि त्याला जागं व्हायला क्षणभर लागतो.

ब्लूटूथ कीबोर्डला दोन-तीन उपकरणांचे कप्पे असतील, तर चुकून कप्प्याची कळ दाबली जाऊन तो शेजारच्या टॅबलेटकडे गेलेला असतो. आधी ते पाहा. एकाच कॉम्प्युटरवर विंडोज आणि लिनक्स असे दोन्ही असतील, तर एक गोची हमखास होते. दोन्ही सिस्टिम कीबोर्डशी आपापली गुप्त किल्ली ठरवतात, पण कॉम्प्युटरचा ब्लूटूथ पत्ता तोच असल्याने कीबोर्ड शेवटी ठरलेली एकच किल्ली लक्षात ठेवतो. मग दुसऱ्या सिस्टिममध्ये तो यादीत दिसतो, पण जोडला जात नाही. कप्पे असतील तर प्रत्येक सिस्टिमला वेगळा कप्पा द्यावा. नसतील तर एका सिस्टिमची किल्ली दुसरीत हाताने नेऊन ठेवावी लागते, किंवा सिस्टिम बदलताना दर वेळी पेअरिंग पुसून नव्याने करावं लागतं.