पार्श्वभूमी : बिगफूट लपतो कसा, याची बदलत गेलेली उत्तरे

बिगफूट म्हणजे उत्तर अमेरिकेच्या रानांत राहतो असे सांगितले जाणारे केसाळ, धिप्पाड, दोन पायांवर चालणारे वानरासारखे जनावर. त्याच्यावरचा वाद बहुतेक वेळा 'आहे की नाही' इथेच सुरू होतो आणि तिथेच संपतो. त्याच्या पोटात आणखी एक प्रश्न आहे आणि त्याला स्वतःचा इतिहास आहे. असलाच, तर तो माणसांच्या नजरेतून सुटतो कसा? गेल्या साठ-सत्तर वर्षांत दिलेली उत्तरे ओळीने मांडली, की शोधणाऱ्याच्या हाती नवे साधन आले रे आले की लपण्याचे नवे कारण पुढे येते, हे ठळकपणे दिसते. सुरुवातीची कारणे जंगलाविषयी होती. पुढची जनावराच्या अंगच्या शक्तींविषयी आहेत. पहिल्या प्रकारची कारणे रानात जाऊन तपासता येतात, दुसऱ्या प्रकारची फारशी नाही.

मुळाकडे थोडक्यात जाऊ. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात फ्रेझर नदीच्या खोऱ्यात हल्कोमेलेम बोलणाऱ्यांच्या कथांत केसाळ, धिप्पाड रानमाणसे येतात. १९२९ मध्ये तिथल्या एका शाळाशिक्षकाने त्या कथा मासिकात लिहिल्या आणि मूळ शब्द इंग्रजी वळणाने 'सॅस्क्वाच' (बिगफूटचेच दुसरे नाव) झाला. त्या कथांतली रानमाणसे म्हणजे डोंगरातले शेजारी. ती दिसत का नाहीत, असा प्रश्न कथेला पडत नाही. तो प्रश्न आला रस्त्यांबरोबर.

दुसऱ्या महायुद्धानंतर घरबांधणीला लाकूड हवे होते आणि वायव्य अमेरिकेच्या डोंगरांत लाकूडतोडीचे रस्ते आत आत जाऊ लागले. उत्तर कॅलिफोर्नियातल्या ब्लफ क्रीकजवळ अशाच एका रस्त्याच्या कामावर १९५८ मध्ये सुमारे १६ इंची पावले उमटलेली दिसली आणि स्थानिक वृत्तपत्रातून 'बिगफूट' हे नाव सगळीकडे गेले. ती पावले लाकडी साच्यांनी उठवली होती, असे संबंधित कंत्राटदाराच्या मृत्यूनंतर २००२ मध्ये त्याच्या कुटुंबीयांनी सांगितले. पण त्या काळात लपण्याचे जे कारण दिले जात होते, ते साच्यांवर अवलंबून नव्हते. जंगल अफाट आहे आणि माणूस तिथे आत्ता कुठे पोहोचतो आहे, एवढेच ते कारण होते.

हे कारण आजही सगळ्यांत भक्कम आहे, आणि शहरात बसून वाद घालणारे त्याला पुरेसे वजन देत नाहीत. वॉशिंग्टन राज्यातल्या ऑलिम्पिक द्वीपकल्पावरच्या होह खोऱ्यात वर्षाला साडेतीन मीटरच्या आसपास पाऊस पडतो. किनाऱ्याकडच्या उतारांवर डग्लस फर, हेमलॉक आणि सीडर, त्यांच्याखाली कमरेएवढे सलाल, तलवारीच्या पात्यासारखे नेचे, काटेरी डेव्हिल्स क्लब आणि आडव्या पसरणाऱ्या मेपलच्या फांद्या. अशा गचपणात दहा-पंधरा पावलांवर उभे असलेले एल्कसारखे मोठे हरीणही हलल्याशिवाय दिसत नाही. ओले शेवाळ पावलांचा आवाज गिळते आणि उरलेला आवाज ओढ्याच्या खळखळाटात बुडतो. दिवसा उतार तापला की हवा वर चढते, सूर्य कलल्यावर गार होऊन खाली उतरते. म्हणून दुपारी चढणाऱ्या माणसाचा वास वर बसलेल्या जनावराला तो दिसण्याच्या कितीतरी आधी पोहोचतो. माणसाचा डोळा आधी हालचाल आणि मग आकाराची कड पकडतो. झाडाच्या बुंध्याला टेकून स्थिर बसणाऱ्या जनावराला लपायला आणखी काही करावे लागत नाही.

रान किती पटकन सगळे मिटवते, याचा दाखला ब्लफ क्रीकनेच दिला. १९६४ च्या डिसेंबरातल्या महापुराने ओढ्याचे पात्र खरवडून वाळूचे मोकळे पट्टे तयार केले होते. तशाच एका पट्ट्यावर २० ऑक्टोबर १९६७ रोजी बिगफूट चालत जाताना दिसतो असे सांगितली जाणारी ती प्रसिद्ध, मिनिटभराची १६ मिलिमीटरची फिल्म घेतली गेली. पुढच्या काही दशकांत तिथे झाडी इतकी माजली, की शेकडो वेळा पाहिलेल्या त्या फिल्मची जागा नेमकी कोणती, यावरच वाद सुरू झाले. जुने बुंधे आणि ओंडके फिल्मशी पडताळून जागा पुन्हा निश्चित करायला एकविसावे शतक उजाडले. दक्षिण वॉशिंग्टनच्या आकाशातून १९७१ मध्ये दोन लाख डॉलर घेऊन विमानातून उडी मारलेला अपहरणकर्ताही असाच नाहीसा झाला. त्या रकमेतले ५,८०० डॉलर १९८० मध्ये कोलंबिया नदीकाठी सापडले, माणूस सापडला नाही.

तरी 'जंगल मोठे आहे' हे कारण १९७० च्या सुमारास अपुरे पडू लागले, कारण शोध संघटित झाला. वॉशिंग्टनमधल्या स्कामेनिया काउंटीने १ एप्रिल १९६९ रोजी या प्राण्याच्या हत्येवर दहा हजार डॉलरपर्यंत दंड आणि पाच वर्षांपर्यंत कैद असा ठराव केला. बंदूक घेऊन रानात शिरणाऱ्यांची वाढती गर्दी हे त्यामागचे व्यवहारी कारण होते. १९८४ मध्ये शिक्षा सौम्य करून संपूर्ण काउंटीच अभयारण्य ठरवली गेली. दक्षिण ओरेगॉनमध्ये ॲपलगेट तलावाजवळ १९७४ मध्ये एका गटाने दहा फूट लांबी-रुंदीचा पिंजरा उभारला. जाड फळ्या लोखंडी पट्ट्यांनी आवळल्या होत्या, सांगाडा टेलिफोनच्या खांबांना जखडला होता आणि आत मेलेल्या जनावरांचे आमिष होते. सहा वर्षे तो चालला. सापडली ती अस्वलेच.

या काळात दोन नवी कारणे आली. एक, संख्या फार थोडी. दुसरे, तो निशाचर आहे. पहिले समजण्यासारखे आहे, पण त्यालाही सीमा आहे, कारण पिढ्या चालायच्या तर एकमेकांना गाठू शकतील अशी काही डझन जनावरे तरी लागतात. दुसऱ्यात शरीररचनेची अडचण आहे. हरीण, अस्वल, मांजरवर्गीय यांच्या डोळ्यांत पडद्यामागे प्रकाश परतवणारा थर असतो, म्हणून बॅटरीच्या झोतात त्यांचे डोळे चमकतात. माणसात आणि वानरांत तो थर नाही. म्हणजे लाल चमकणाऱ्या डोळ्यांची वर्णने खरी मानली, तर ती वानरकुळाकडे नव्हे, भलत्याच दिशेला बोट दाखवतात. निशाचर माकडे आहेत, पण त्यांनी तो थर नसल्याची भरपाई प्रचंड मोठ्या डोळ्यांनी केली आहे. रात्री वावरणारे मोठ्या चणीचे वानर आजवर एकही माहीत नाही.

खरा गुंता ट्रॅप कॅमेऱ्यांनी, म्हणजे रानात लावून ठेवलेल्या आणि समोरून काही गेले की आपोआप छायाचित्र घेणाऱ्या कॅमेऱ्यांनी केला. फिल्मवर चालणारे कॅमेरे आधीपासून होते, पण ३६ छायाचित्रांनंतर रीळ संपे. २००० नंतर डिजिटल कॅमेरे स्वस्त झाले, हरणांच्या शिकाऱ्यांनी ते झाडाझाडाला बांधले, आणि 'इतके कॅमेरे असून एकही निर्विवाद छायाचित्र का नाही' हा सवाल उभा राहिला. दोन्ही बाजू यावर चुकीची आकडेमोड करतात, म्हणून इथे थोडे थांबायला हवे.

साधारण कॅमेऱ्याचा पल्ला २० मीटर आणि कोन ४५ अंश धरला, तर तो फक्त १५७ चौरस मीटर जमीन पाहतो. हजार कॅमेरे मिळून होतात जेमतेम ३९ एकर. वॉशिंग्टनमधल्या गिफर्ड पिंशो राष्ट्रीय वनाचे क्षेत्र सुमारे १३ लाख एकर आहे. म्हणजे लाखात तीन भाग. बिगफूट मानणारे हा आकडा पुढे करतात आणि तो बरोबरही आहे. फक्त तो एका जागी खिळलेल्या जनावराला लागू पडतो. चालणाऱ्या जनावराचा हिशेब वेगळा. वन्यजीव अभ्यासक २००८ पासून त्यासाठी एक सूत्र वापरतात : रोजची चाल, दिवस, दर चौरस किलोमीटरमागे जनावरे आणि कॅमेऱ्याचा पल्ला यांचा गुणाकार करायचा, कोन रेडियनमध्ये घेऊन त्यात दोन मिळवून येणाऱ्या आकड्याने गुणायचे आणि पायने (३.१४) भागायचे. १,००० चौरस किलोमीटरला एकच जनावर आणि रोजची चाल ५ किलोमीटर धरली, तर कुठेही कसेही लावलेल्या १०० कॅमेऱ्यांसमोरून ते वर्षात तीनदा जाते. दहा वर्षांत तीसहून अधिक वेळा. निम्म्या वेळा कॅमेरा चुकला असे मानले तरी पंधरा छायाचित्रे उरतात.

कॅमेरा चुकतो, हेही खरे. त्याचा सेन्सर जनावर ओळखत नाही. मागच्या पार्श्वभूमीपेक्षा वेगळ्या तापमानाचा पृष्ठभाग सरकला की तो जागा होतो. उन्हाळ्यात हवाच ३५ अंशांवर गेली की फरक उरत नाही. हिवाळ्यात जाड केसांचे बाहेरचे टोक थंड पडलेले असते, तेव्हाही फरक कमी होतो. धुके, काचेवरचे थेंब, थंडीत मान टाकणाऱ्या साध्या बॅटऱ्या, समोर हलणाऱ्या गवताने भरून गेलेले कार्ड या रोजच्या तक्रारी आहेत. शिवाय शिकाऱ्याचा कॅमेरा हरणाच्या खांद्याच्या उंचीवर, जरा खाली कललेला असतो. सात-आठ फुटी जनावर जवळून गेले तर चौकटीत मांड्या येतील, डोके येणार नाही.

यातूनच 'तो कॅमेरा टाळतो' हा दावा निघाला. त्यातला अर्धा भाग चांगल्या पुराव्यावर उभा आहे. ट्रॅप कॅमेरे प्राण्यांना ऐकू येतात आणि दिसतात, हे २०१४ च्या एका अभ्यासात मोजून दाखवले आहे. काही उपकरणांतून माणसाला न ऐकू येणारा आवाज निघतो. रात्रीच्या छायाचित्रांसाठी कॅमेऱ्यावर असलेल्या ८५० नॅनोमीटरच्या अवरक्त दिव्यांची फिकी लाल झाक माणसालाही दिसते, ९४० ची दिसत नाही. कॅलिफोर्नियातल्या कोयोटींवरचा (कोल्ह्यासारखा रानकुत्रा) २००३ चा अभ्यास तर लपण्याच्या बाजूचा सर्वांत मजबूत पुरावा म्हणता येईल. टोळीतले वरचढ नर-मादी आपल्या हद्दीत आलेल्या माणसांवर पाळत ठेवत, कॅमेरा कुठे बसतो ते पाहून ठेवत आणि म्हणून छायाचित्रांत फार कमी येत. मानणाऱ्यांनी या अभ्यासाचा आधार घेतला तर त्यात वावगे काही नाही.

दुसरा अर्धा भाग मात्र टिकत नाही. त्या कोयोटींचे ठसे, विष्ठा आणि कोल्हेकुई रानात होतीच. आफ्रिकेतल्या गोरिला, चिंपांझी, बोनोबो यांच्या कॅमेऱ्यांवरील प्रतिक्रियांचा अभ्यास २०१९ मध्ये आला. त्यांनी कॅमेरे हेरले, काही बिचकले, काही टक लावून बघत राहिले, आणि हे सगळे त्याच कॅमेऱ्यांत टिपले गेले. भारतातल्या २०१८-१९ च्या व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणच्या कॅमेऱ्यांनी ३ कोटी ४८ लाखांवर छायाचित्रे घेतली. त्यांपैकी वाघांची ७६,६५१, म्हणजे हजारात दोनच. तेवढ्यातून २,४६१ वेगवेगळे वाघ पट्ट्यांवरून ओळखता आले. आणि २००८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या टाहो राष्ट्रीय वनात मुंगसासारख्या मार्टेनसाठी लावलेल्या कॅमेऱ्यात एक वुल्व्हरिन (छोट्या अस्वलासारखा दिसणारा मांसाहारी प्राणी) आला. त्या राज्यात त्याची खात्रीची नोंद १९२० च्या दशकानंतर झालीच नव्हती. एकच नर, तरी तो सापडला. केसांवरून त्याचे नाते आयडाहोतल्या वुल्व्हरिनांशी जुळवता आले.

आपल्याकडे जुन्नरच्या उसातला बिबट्या जाणणारा शेतकरी हे लगेच समजेल. उसात बिबट्या महिनोन्महिने दिसत नाही. पण बांधावर पंजा उमटतो, कुत्रे नाहीसे होते, ऊसतोडीला पिल्ले सापडतात. न दिसणे ही एक गोष्ट आणि खूण न सोडणे ही दुसरी. बिगफूटवरच्या चर्चेत दोन्हींना 'लपणे' हा एकच शब्द वापरला जातो आणि सगळा घोळ तिथे होतो.

खुणांचा हिशेब म्हणूनच जास्त कठीण आहे. हाडे सापडत नाहीत, यावर 'अस्वलाची तरी कुठे सापडतात' असे उत्तर मिळते. ते अंशतः बरोबर आहे, कारण त्या भागातली आम्लधर्मी ओली माती हाडे खाते, आणि साळिंदर व उंदीर क्षारांसाठी ती कुरतडतात. पण प्रेते रस्त्यावरही पडतात. फ्लोरिडातले पँथर दोन-अडीचशेच्या आत आहेत आणि वाहनांखाली दरवर्षी साधारण वीस-तीस मरतात. हिवाळ्याचाही प्रश्न आहे. काळे अस्वल महिनोन्महिने गुहेत पडून राहते. वानर तसे झोपत नाही, त्याला रोज खायला लागते, आणि कॅस्केड पर्वतात बर्फावर चालल्याशिवाय खाणे मिळत नाही. बर्फात माग लपत नाही. वुल्व्हरिन आणि लिंक्स यांच्या पावलाच्या खळग्यातला बर्फ खरवडून, वितळवून, गाळून त्यातला डीएनए ओळखण्याची पद्धत आता हाताशी आहे.

केसांची तपासणी आधीपासून होते. १९७६ मध्ये पाठवलेले त्वचेसह १५ केस अमेरिकेच्या केंद्रीय तपास संस्थेच्या (एफबीआय) प्रयोगशाळेने पुढच्या वर्षी हरणवर्गीय ठरवले. ती फाइल २०१९ मध्ये खुली झाली. २०१४ मध्ये जगभरातून आलेल्या केसांपैकी ३० नमुन्यांचे डीएनए वाचले गेले. अमेरिकेतल्या नमुन्यांत अस्वल, घोडा, गाय, साळिंदर, कुत्रा किंवा लांडगा असे ओळखीचेच प्राणी निघाले. एक नमुना माणसाचा होता.

तो माणसाचा निकाल पुढच्या कामात सगळ्यांत जास्त अडचण करतो. माणसाच्या जवळचे वानर असेल, तर त्याच्या नमुन्यात आणि गोळा करणाऱ्याच्या हातामुळे झालेल्या भेसळीत फरक करणे अवघड जाते. म्हणून केस उघड्या हाताने उचलायचा नाही, हातमोजे आणि चिमटा वापरायचा. कोरड्या कागदी पाकिटात ठेवायचा, कारण प्लास्टिकमध्ये ओल धरून बुरशी येते. मुळासकट केस मिळाला तर पेशीकेंद्रातला डीएनए मिळतो, नुसत्या कांडीतून बहुधा मायटोकॉन्ड्रियाचाच, आणि तो फक्त आईकडची बाजू सांगतो. त्या पाकिटासोबत जागेवर हजर असलेल्या प्रत्येकाच्या गालाच्या आतल्या बाजूचा नमुनाही द्यायचा. तो नसेल, तर प्रयोगशाळेने 'माणूस' असे उत्तर दिल्यावर तो कोणता माणूस, हे सांगता येत नाही.