टीबी, एचआयव्ही आणि वजनाचा काटा

सोलापूरची जुनी कापडगिरणी १८७७ सालची. त्या काळी आणि पुढे कितीतरी वर्षं टीबीवर औषधच नव्हतं. ज्याला परवडेल तो सॅनेटोरियममध्ये, म्हणजे टीबी रुग्णांच्या आरोग्यधामात जाई. दूध, अंडी, विश्रांती हाच उपचार, आणि वजन वाढलं तर माणूस वाचेल अशी आशा.

औषधं आली आणि १९५९ मध्ये मद्रासच्या अभ्यासाने चित्र पालटलं. घरी राहून औषधं घेणारे रुग्ण, जेवण निकृष्ट आणि वजन कमी वाढलेलं असूनही, सॅनेटोरियममधल्यांइतकेच बरे झाले. गरिबांवर या अभ्यासाचे फार मोठे उपकार आहेत. घरदार न सोडता बरं होणं त्यामुळे शक्य झालं. पण ‘गोळी पुरे, जेवणाचं नंतर बघू’ ही समजूतही तेव्हापासूनच बळावली, असं मला वाटतं.

एचआयव्हीने ती खोटी पाडली. हा आजार माणसाला इतका वाळवतो की युगांडात १९८५ च्या सुमारास त्याला ‘स्लिम’ (सडपातळ) असंच म्हणत. भारतात १९८६ मध्ये चेन्नईत पहिले एचआयव्हीबाधित सापडले. सोबत टीबी असेल तर भूक मरते, ताप अंगातली ताकद जाळतो, स्नायू झडतात. २००४ पासून एआरटी, म्हणजे एचआयव्हीला आवरणारी औषधं, सरकारकडून मोफत मिळू लागली आणि असंख्य जीव वाचले. तरीही उपचार सुरू करतानाच ज्याचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) १८.५ च्या बराच खाली असतो, त्याच्या जिवाला धोका जास्त राहतो. टीबीच्या गोळ्यांची संख्याही काट्यावरच ठरते: ३५ ते ४९ किलोला रोज तीन, ५० ते ६४ ला चार.

झारखंडमध्ये टीबी रुग्णांना शिधा देऊन केलेला २०२३ चा अभ्यास एचआयव्हीबाधितांपुरता नव्हता, पण त्यांच्यासाठीही मोलाचा आहे. पहिल्या दोन महिन्यांत वजन पाच टक्के वाढलेल्यांमध्ये मृत्यूचा धोका ६१ टक्के कमी दिसला. चाळीस किलोच्या बाईला हे म्हणजे फक्त दोन किलो.

सरकारच्या निक्षय पोषण योजनेत टीबी रुग्णाला जेवणखाणासाठी २०१८ पासून महिना ५०० रुपये मिळत, नोव्हेंबर २०२४ पासून १००० मिळतात. पण सोलापुरात विडी वळणारी बाई आजारी पडली की तिची मजुरीच थांबते, आणि घरात जे शिजतं ते आधी मुलांच्या ताटात जातं. तिच्या एकटीपुरता हिशेब करून भागत नाही. झारखंडमध्ये रुग्णांसोबत काही भागांतल्या रुग्णांच्या घरच्यांनाही शिधा दिला होता. त्या घरांत नव्या टीबीचं प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी कमी राहिलं.