मीटरवरचे किलोमीटर खरे की मागे केलेले?

वापरलेली गाडी बघायला गेलं की नजर आधी मीटरवर जाते. आकडा कमी दिसला की बाकीची गाडीही चांगली वाटायला लागते. डिजिटल मीटरचा आकडा सर्किटवरच्या एका छोट्या मेमरी चिपमध्ये साठवलेला असतो. डायग्नॉस्टिक सॉकेटला (गाडीचे दोष वाचण्यासाठी स्कॅनर जोडतात त्या खाचेला) यंत्र जोडून किंवा मीटर उघडून तो बऱ्याच गाड्यांत काही मिनिटांत बदलता येतो, आणि बाहेरून काही कळत नाही. म्हणून तो आकडा गाडीतल्या इतर नोंदींशी जुळतो का, हे तपासायचं.

आधी कागद

सर्व्हिसची बिलं तारखेप्रमाणे मांडा आणि प्रत्येकावरचे किलोमीटर वाचा. मीटर मागे करणारा शेवटच्या बिलाच्या खाली सहसा जात नाही, तो बिलं नसलेल्या काळाचा फायदा घेतो. पहिली चार वर्षं गाडी वर्षाला १४-१५ हजार चालली, ५८,००० ला शेवटचं बिल, मग तीन वर्षं एकही बिल नाही आणि आज मीटर ६३,००० दाखवतोय, तर त्या तीन वर्षांचा हिशोब मागा. बॉनेटखालचे आणि ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरचे स्टिकरही वाचा. टायमिंग बेल्ट कधी बदलला, पुढचं ऑइल किती किलोमीटरला, हे त्यावर लिहिलेलं असतं आणि ते काढायचं बरेचदा राहून जातं.

टायर आणि डिस्क

टायरच्या बाजूवर डीओटी (DOT) अक्षरांनी सुरू होणाऱ्या कोडचे शेवटचे चार अंक बघा. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. कोड एका बाजूला अर्धवट असेल तर पूर्ण कोड टायरच्या आतल्या बाजूला सापडतो. गाडी २०१९ ची, मीटर २०,००० आणि चारही टायर २०२२ चे असतील तर विचारायलाच हवं. एखाद-दुसरा टायर फुटून बदलला जातो, फार जुने झालेले टायर न झिजताही बदलतात. पण तीन वर्षांत चारही बदलले, तर त्याचं बिल असायला हवं. स्टेपनी सहसा मूळचीच असते, तिची तारीख ताडून बघा.

ब्रेक डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. मोजताना एक गडबड होते: डिस्कच्या कडेला न झिजलेला काठ उरतो, व्हर्नियरचे (जाडी मोजायच्या साधनाचे) जबडे त्यावर टेकतात आणि जाडी जास्त येते. दोन्ही बाजूंना एकेक नाणं लावून मोजा आणि नाण्यांची जाडी वजा करा. डिस्क किमान जाडीला आलेली आणि मीटर २५,००० असं असेल तर ते पटत नाही.

आत बसल्यावर

क्लच आणि ब्रेकच्या पेडलचं रबर, सीटची दाराकडची कड, गिअर नॉब. स्टिअरिंगवर कव्हर असेल तर काढून बघा. ३०,००० च्या गाडीत पेडलचं रबर घासून गुळगुळीत झालेलं असेल तर संशय येतोच, पण अगदी कोरं असेल तरीही यायला हवा, कारण ते नुकतं बदललेलं असू शकतं. गाड्या तपासताना आमचा भरवसा सीटबेल्टवर जास्त, कारण तो सहसा कोणी बदलत नाही. ड्रायव्हरचा पट्टा पूर्ण ओढून सोडा. रेंगाळत आत जातो का, बकलजवळची कड केसाळ झालीय का, ते पाहा आणि शेजारच्या पट्ट्याशी तुलना करा.

स्कॅनर काय सांगतो

बऱ्याच गाड्यांत इंजिन, एबीएस (ब्रेक लावताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) किंवा ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या कंट्रोल युनिटमध्येही (त्यांच्या छोट्या संगणकातही) किलोमीटरची नोंद राहते, आणि फक्त मीटर बदलणारे तिथपर्यंत पोचत नाहीत. सगळ्याच गाड्यांत ही सोय नसते. 'कोड क्लिअर केल्यापासूनचं अंतर', म्हणजे साठवलेले दोषांचे कोड शेवटचे पुसल्यापासून गाडी किती चालली, हे मात्र ओबीडी-२ च्या (दोष वाचायची ठरावीक पद्धत असलेल्या) बहुतेक गाड्या देतात. मीटर ४०,००० आणि हे अंतर ५२,००० असेल, तर मीटर मागे केलाय किंवा बदललाय. इंजिनचे तास मिळाले तर किलोमीटरला तासांनी भागा. ४८,००० ला ४,००० तास म्हणजे सरासरी ताशी १२ किलोमीटर. सतत इंजिन चालू ठेवून उभी राहणारी गाडी सोडली, तर हा वेग फार कमी आहे, म्हणजे मीटरवर संशय घ्यावा.

लबाडी नसतानाचा फरक

बिघडलेला मीटर बदलला की आकडा शून्यावरून किंवा जुन्या मीटरच्या आकड्यावरून सुरू होतो. बिलावर जुनं रीडिंग लिहिलेलं असावं. टायरचं माप बदलल्यानेही फरक पडतो: १८५/६५ आर १५ च्या जागी १९५/६५ आर १५ घातला तर व्यास सुमारे ६२२ वरून ६३५ मिलिमीटर होतो आणि मीटर जवळपास २ टक्के कमी मोजतो. मोबाइलच्या जीपीएसवर २० किलोमीटर चालवून ट्रिपमीटरशी ताडा. एवढ्याने ४०० मीटरच्या आसपास फरक येईल, मीटरवर दहा-वीस हजारांची तफावत येणार नाही.

तपासणीला गाडी आणण्यापूर्वी विकणाऱ्याला कोड क्लिअर करू देऊ नका, बॅटरीही काढू देऊ नका. कोड पुसले की क्लिअर केल्यापासूनचं अंतर शून्यावर जातं, काही गाड्यांत बॅटरी काढल्यानेही. आमच्या स्कॅनरवर ते मोजकेच किलोमीटर दिसलं, तर नुकतंच कोणीतरी कोड पुसलेत किंवा बॅटरी काढलीय, असं आम्ही अहवालात लिहितो.