अंगावरून पांढरे जाते म्हणून तपासणीला येण्यापूर्वी

अंगावरून पांढरे जाण्याची तक्रार घेऊन आमच्या दवाखान्यात येणाऱ्या बऱ्याच तरुण मुलींना पहिल्या भेटीत निश्चित निदान सांगता येत नाही, आणि त्याचे कारण बहुतेक वेळा एकच असते. आदल्या रात्री घरात उरलेली योनीमार्गात ठेवायची गोळी वापरलेली असते आणि सकाळी, दाखवायला जायचे म्हणून, साबणाने आतपर्यंत धुतलेले असते. संकोचापोटी असे होते हे आम्ही जाणतो. पण जो स्राव आम्हाला पाहायचा असतो, तोच त्यात निघून जातो आणि काचपट्टीवर सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो तो विरघळलेल्या गोळीचा चुरा.

तक्रार एकच वाटली तरी कारणे वेगळी असतात. दह्याच्या कवडीसारखा घट्ट स्राव आणि सोबत खाज असल्यास बहुधा बुरशीचा संसर्ग असतो, आणि तो प्रतिजैविकांच्या गोळ्यांनंतरही होऊ शकतो. पातळ, राखाडी आणि माशांसारखा वास येणाऱ्या स्रावामागे जिवाणूंचे बिघडलेले संतुलन असते. त्यावर बुरशीचे मलम कितीही लावले तरी उपयोग होत नाही. पिवळट-हिरवा, फेसाळ स्राव ट्रायकोमोनास या लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या परजीवीमुळे येऊ शकतो, आणि तेव्हा जोडीदारावरही उपचार करावे लागतात. हा जीव ताज्या नमुन्यात वळवळताना दिसतो, नमुना थंड झाला की निपचित पडतो. म्हणूनच आम्ही काचपट्टी बाहेर न पाठवता दवाखान्यातच लगेच पाहतो. फोनवर गोळीचे नाव सांगत नाही यावरून आमच्यावर थोडा रोष असतो, पण वरच्या तीन कारणांमधला फरक फोनवर कळत नाही.

प्रत्येक स्राव आजार नसतो. पाळीच्या मधल्या दिवसांत अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा, ताणला जाणारा स्राव येणे आणि तो कपड्यावर वाळून पिवळसर दिसणे स्वाभाविक आहे. योनीमार्गातील लॅक्टोबॅसिलस जिवाणू तिथला सामू (pH, म्हणजे आम्लतेचे माप) साधारण ३.८ ते ४.५ इतका आम्लधर्मी राखतात, आणि आतून धुण्याने नेमके हेच संरक्षण बिघडते. बाहेरून साध्या पाण्याने धुणे पुरेसे आहे.

तेव्हा तपासणीपूर्वीचे ४८ तास योनीमार्गात गोळी किंवा मलम वापरू नये, आतून धुऊ नये आणि संबंध टाळावेत. पाळी सुरू असल्यास, त्रास फार नसेल तर, ती संपल्यावर यावे. मात्र ओटीपोटात दुखणे, ताप, गरोदरपण किंवा चुकलेली पाळी असेल, तर यांपैकी कशासाठीही न थांबता त्याच दिवशी यावे.

संबंध आलेले नसतील तर आम्ही सहसा आतून उपकरण घालून तपासत नाही. बारीक कापसाच्या काडीने घेतलेला नमुना पुष्कळदा पुरतो, आणि तो हवा तर तुम्ही स्वतः पडद्याआड घेऊ शकता. सोबत आई किंवा मैत्रीण असली तरी काही प्रश्न आम्ही तुम्हाला एकटीलाच विचारतो. यात अविश्वास नाही. संबंधांविषयीचे खरे उत्तर मिळाले नाही तर चाचणीच चुकीची निवडली जाते. येताना शेवटच्या पाळीची तारीख लिहून आणावी, आणि औषध आधीच घेऊन झाले असेल तर ते न लपवता त्याचे रिकामे पाकीट सोबत आणावे.