औसांगातेचा ट्रेक: पवित्र डोंगर, खाणपट्टे आणि सात रंगांची ओढाताण

पेरूतल्या कुस्को शहराच्या आग्नेयेला, विल्कानोता रांगेत, ६,३८४ मीटर उंचीचं औसांगाते शिखर आहे. तिंकी गावातून निघायचं, उपिस आणि पाकचांताच्या गरम पाण्याच्या झऱ्यांना धरून पाच-सहा दिवसांत पूर्ण वळसा घालायचा, असा हा सुमारे ७० किलोमीटरचा ट्रेक. वाटेत पालोमानीची खिंड सुमारे ५,२०० मीटरवर ओलांडावी लागते. कैलास परिक्रमा ऐकून असलेल्या मराठी वाचकाला ही प्रदक्षिणाच वाटेल, पण तशी ती नाही. इथल्या गुराख्यांनी औसांगातेला देव मानलं, तरी त्याच्याभोवती फेरी घालायची पद्धत त्यांच्यात नव्हती. अल्पाकांचे, म्हणजे लोकरीसाठी पाळलेल्या उंटाच्या कुळातल्या जनावरांचे, कळप चारायला नेण्याच्या वाटा होत्या. त्या एकमेकींना जोडून गोल पुरा केला तो ट्रेक नेणाऱ्यांनी, आणि तोही शिखर प्रथम सर झालं त्या १९५३ नंतर.

भक्ती होती आणि आहे, पण ती वेगळ्या वाटेने जाते. ऑगस्टमध्ये घरोघरी डोंगराच्या नावाने नैवेद्य मांडतात. कागदावर कोकाची निवडक पानं तीन-तीनच्या जुडीने, लामा या जनावराची चरबी, गोड गोळ्या, बिया ठेवतात, पुडी बांधतात आणि आगीत देतात. खेचरवाले आजही खिंडीत बाटली उघडली की पहिला थेंब जमिनीला देतात. मोठी यात्रा भरते ती शेजारच्या सिनाकारा खोऱ्यात. ईस्टरनंतर ५८ दिवसांनी सुरू होणाऱ्या या कोयुर रिती यात्रेला दरवर्षी नव्वद हजारांच्या आसपास लोक जमतात आणि २०११ मध्ये ती युनेस्कोच्या मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत गेली. चर्चच्या कथेप्रमाणे १७८० मध्ये एका मेंढपाळ पोराला इथे ख्रिस्ताचं दर्शन झालं. याच वर्षी याच मुलखात स्पॅनिश सत्तेविरुद्ध सर्वात मोठा उठाव पेटला होता. सिनाकाऱ्याच्या हिमनदीची पूजा आधीपासून होती आणि तिच्यावर क्रूस नंतर आला, असं मानणारे अभ्यासक बरेच आहेत.

इंका काळाबद्दल पर्यटनाच्या पत्रकांत पानंच्या पानं असतात. ट्रेक आज जसा आहे तसा तो का आहे, हे समजायला मात्र १९६९ चा जमीन सुधारणा कायदा जास्त उपयोगी पडतो. त्याआधी औसांगातेच्या उत्तरेकडची कुरणं एका अवाढव्य हासिएंदाच्या, म्हणजे जमीनदारी इस्टेटीच्या, मालकीची होती. लोकर मालकाची, मेंढ्या मालकाच्या आणि गुराख्याने त्याच्याकडे बिनमोल राबायचं. १९२० च्या दशकापासून तिथे बंडं आणि संप होत आले. १९६९ नंतर जमीन काढून घेतली गेली आणि त्यावर सहकारी संस्था उभी राहिली. सहकारी संस्थेचं पुढे काय झालं असेल, ते मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. अखेर कुरणं गावसमाजांच्या नावावर झाली. आज उपिसला, पाकचांताला आणि मधल्या टप्प्यांवर प्रत्येक गाव आपापलं तिकीट फाडतं, त्याचं मूळ या वाटणीत आहे. परदेशी ट्रेकर त्यावर कुरकुरतात. जमीन ज्यांची तेच पैसे घेतात, एवढाच त्याचा अर्थ.

माओवादी बंडखोर आणि सरकार यांच्यातल्या १९८० च्या दशकातल्या सशस्त्र संघर्षाने पर्यटन जवळपास आटलं. २०१० च्या सुमारास ब्राझीलकडे जाणारा महामार्ग ओकोंगाते-तिंकीमार्गे डांबरी झाला. आधी ट्रकच्या हौद्यात बसून दिवस घालवावा लागे, आता कुस्कोहून काही तासांत तिंकी येतं.

आता खाणपट्ट्यांकडे, म्हणजे ठरावीक जागेतलं खनिज काढण्याच्या हक्काकडे. पेरूच्या कायद्यात जमिनीचा पृष्ठभाग एकाचा आणि पोटातलं खनिज सरकारचं असतं. देशाच्या नकाशावर १०० हेक्टरांच्या चौकटी आखल्या आहेत. ज्याला हवी त्याने मोकळी चौकट निवडून अर्ज करायचा आणि फी भरायची. डोंगर पवित्र आहे का, तिथे कळप चरतात का, हे त्या टप्प्यावर कुणी विचारत नाही. पट्टा मिळाला म्हणजे लगेच फावडं मारता येतं असंही नाही. पर्यावरण परवाना लागतो आणि पृष्ठभागाच्या मालकाशी, म्हणजे गावाशी, करार लागतो. सरकारी बाजू याच मुद्द्यावर उभी राहते: पट्टा हा नुसता कागद आहे, त्याने कुणाचंही काही जात नाही, मग आधी विचारायचं कशाला? आदिवासी समाजांशी पूर्वविचारविनिमय सक्तीचा करणारा कायदा पेरूने २०११ मध्ये केला. त्याच्या पाठीशी १९९४ मध्ये मान्य केलेला आंतरराष्ट्रीय करारही होता. पण विचारविनिमय पट्टा देताना नको, प्रत्यक्ष काम सुरू होण्याआधी केला तरी पुरे, अशी वाट खाण खात्याने धरली. आपल्या डोंगराचा पट्टा निघाला ही बातमी म्हणूनच गावाला बहुधा बाहेरून कळते. हा नुसता कागद असेल, तर तो मिळवायला कंपन्या वर्षानुवर्षं फी का भरतात, याचं उत्तर सरकारी बाजूने एकदा द्यायला हवं.

२००६ च्या डिसेंबरमध्ये हा प्रश्न कुस्कोच्या मुख्य चौकात आला. सिनाकारा रांगेत खाण येणार म्हणून यात्रेतले नर्तक आणि गावकरी पोशाखानिशी, झेंड्यांनिशी जमले. शहरातले पाठीराखे पाण्याचं प्रदूषण आणि कुरणांची हानी यावर बोलत होते. गावातले काही जण म्हणत होते की डोंगर रागावेल आणि माणसं मारील. वृत्तपत्रांनी पहिला मुद्दा बातमीत घेतला, दुसरा 'लोकश्रद्धा' म्हणून कोपऱ्यात टाकला. गुराख्यांच्या लेखी हे दोन मुद्दे नव्हतेच. खाण तिथे झाली नाही.

बारा वर्षांनी हेच प्रकरण वेगळ्या डोंगरावर घडलं. औसांगातेच्या वळशातून जरा बाजूला, ५,०३६ मीटरवर, विनिकुंका नावाची धार आहे, तीच 'सात रंगांचा डोंगर' म्हणून ओळखली जाते. लोहाच्या ऑक्साइडांनी लाल आणि पिवळे, दुसऱ्या खनिजांनी हिरवट झालेले गाळाच्या खडकाचे पट्टे तिच्यावर उघडे पडले आहेत. २०१५-१६ पर्यंत परदेशात तिचं नावही फारसं कुणाला माहीत नव्हतं. मग फोटो फिरले आणि पहाटे तीनला कुस्कोहून बसगाड्या सुटू लागल्या. २०१८ मध्ये दिवसाला हजारभर माणसं येत होती. 'बर्फ वितळलं आणि रंग दिसले' ही कथा तेव्हाच रुजली. ती पटण्यासारखी नाही. या उंचीवर कधीही हिमवर्षाव होतो आणि थोड्या दिवसांत वितळतो. अल्पाका राखणाऱ्यांना ती धार ठाऊक होती, फक्त त्यांच्या हातात तेव्हा कॅमेरे नव्हते. खऱ्या वितळण्याचा पुरावा हवा असेल तर तो सिनाकाऱ्यावर आहे. तिथे लोकरी मुखवट्यातले, बारीक आवाजात बोलणारे उकुकू नर्तक हिमनदीचे तुकडे पाठीवर घेऊन उतरत असत. ते पाणी औषधी मानलं जाई. हिमनदी मागे सरकू लागली तशी त्यांनीच ती प्रथा सोडली.

मार्च २०१८ मध्ये एका कॅनेडियन कंपनीला सुमारे ४०० हेक्टरांचा पट्टा मिळाला आणि त्यात विनिकुंका आली. मे महिन्यात ही गोष्ट बाहेर फुटली, गदारोळ झाला आणि थोड्याच दिवसांत कंपनीने पट्टा सोडला. त्याच वर्षी सरकारने तातडीच्या आदेशाने त्या भागात बारा महिने नवे अर्ज घेणं थांबवलं. २००६ ला पोशाख घालून चौकात उभं राहावं लागलं, २०१८ ला काही आठवड्यांत काम झालं. फरक डोंगराच्या पावित्र्यात नव्हता. विनिकुंकावर तोवर तिकीट होतं, घोडेवाले होते, बसवाले होते आणि मंत्र्यांच्या फोनमध्ये तिचा फोटो होता. पावित्र्याच्या जोडीला उत्पन्न असलं की सरकारला ते लवकर ऐकू येतं.

हे उत्पन्न फुकट आलेलं नाही. विनिकुंकाच्या पायथ्याशी पाणथळ कुरण बुजवून वाहनतळ झाला. अल्पाका याच कुरणांवर कोरड्या महिन्यांत जगतात. डोंगरावर जायला पितुमार्काकडून एक वाट आणि कुसिपाताकडून दुसरी, दोन्ही वेगळ्या प्रांतांतल्या. त्यामुळे प्रवेशशुल्क कुणी घ्यायचं यावरून भांडणं झाली. दुसरीकडे शहरात मजुरीला गेलेली तरुण पोरं घोडा घेऊन गावी परतली. याला नुसती नासाडी म्हणणारे बहुतेक जण स्वतः एकदा तो डोंगर बघून आलेले असतात.

डिसेंबर २०१९ मध्ये, दशकभराच्या घोळानंतर, औसांगाते भागात ६६,५१४ हेक्टरांचं प्रादेशिक संवर्धन क्षेत्र जाहीर झालं. हिमनद्या, पाणथळ कुरणं आणि खालच्या खोऱ्यांचं पाणी हा त्याचा अधिकृत हेतू आहे. देवत्वाला कायद्यात रकाना नसतो. अशा क्षेत्रात गावांचे हक्क राहतात, कळप चरतात, ट्रेकही चालू राहतो, पण आधी मिळालेले हक्कही कायदा पुसून टाकत नाही. लगेच पुढच्या वर्षी साथीने सगळं बंद पडलं. २०२२ च्या अखेरीपासूनच्या राजकीय आंदोलनात कुस्कोचा विमानतळ आणि रेल्वे पुन्हा पुन्हा थांबली. घोड्यांच्या खाद्याचा खर्च त्या महिन्यांत गावांनीच सोसला.

गर्दीला कंटाळलेले आयोजक आता पाल्कोयोसारख्या दुसऱ्या रंगीत डोंगरांकडे वळले आहेत, आणि औसांगातेचा पूर्ण वळसा त्या मानाने शांत आहे. तिथे आजही खेचर गावातलंच घ्यावं लागतं, आणि खेचरांची पाळी कुणाची हे गावाच्या बैठकीत ठरतं.