अळी, झाड आणि फळ्यावरचं वर्तुळ

बालभारतीच्या चौथीच्या ‘परिसर अभ्यास भाग १’ मध्ये पहिला पाठ प्राण्यांच्या जीवनक्रमाचा आहे आणि दुसरा सजीवांच्या परस्परांशी असलेल्या नात्याचा. डी.एल.एड. (प्राथमिक शिक्षकाची पदविका) करणारे छात्राध्यापक सराव पाठासाठी हे घटक आवडीनं निवडतात, कारण तक्ता चटकन होतो. अंडी, अळी, कोष, फुलपाखरू आणि त्यांना जोडणारे चार बाण. दुसऱ्या तक्त्यावर गवत, नाकतोडा, बेडूक, साप, घार. दोन तक्ते, दोन पाठटाचणं, दोन वेगळे दिवस. या दोन गोष्टींची फारकत कशी झाली, हे शिक्षक होऊ पाहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असावं असं मला मनापासून वाटतं.

माश्या मांसातून आपोआप निपजतात, हा समज युरोपात शतकानुशतकं होता. १६६८ मध्ये इटलीतल्या फ्रान्चेस्को रेडीनं काही बरण्या उघड्या ठेवल्या, काहींवर जाळीचं कापड बांधलं आणि दाखवून दिलं की माशीनं अंडी घातली तरच मांसात अळ्या होतात. पण शिक्षकासाठी त्याहून महत्त्वाचं काम जर्मन चित्रकार आणि निसर्ग-अभ्यासक मारिया सिबिला मेरियनचं. फ्रँकफर्टमध्ये तेराव्या वर्षी तिनं रेशमाचे किडे पाळले आणि पुढचं आयुष्य अळ्या वाढवण्यात, त्यांची नोंद ठेवण्यात आणि चित्रं काढण्यात घालवलं. १६७९ मध्ये तिचं सुरवंटांवरचं पहिलं पुस्तक आलं. १६९९ मध्ये धाकट्या मुलीला घेऊन ती दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामला गेली. तिथल्या कीटकांवरचं पुस्तक १७०५ मध्ये निघालं. तिच्या चित्रांत अळी कधी पांढऱ्या कागदावर एकटी नसते. ती ज्या झाडावर जगते ते झाड, त्याचं फूल, कुरतडलेली पानं, सगळं एकाच पानावर असतं. जीवनचक्र आणि अन्नसंबंध तिनं वेगळे काढलेच नव्हते.

वेगळे झाले ते नंतर. कीटकशास्त्र संग्रहालयात गेलं, टाचणीला टोचलेल्या नमुन्यांचं झालं, आणि पाठ्यपुस्तकात उरलं ते जीवनचक्राचं वर्तुळ. त्यातून झाड गळून पडलं. दुसरीकडे परिसंस्थेची कल्पना पुष्कळ उशिरा आली. ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ चार्ल्स एल्टननं १९२७ मध्ये अन्नसाखळीची मांडणी केली. आर्थर टान्सलीनं १९३५ मध्ये सजीव, माती, हवामान हे सगळं मिळून एक व्यवस्था मानावी असं सुचवलं. रेमंड लिंडमननं मिनेसोटातल्या एका लहानशा तळ्याचा अभ्यास करून त्या व्यवस्थेतून ऊर्जा कशी वाहते हे मांडलं. तो सत्तावीस वर्षांचा होण्याआधीच गेला आणि त्याचा तो निबंध १९४२ मध्ये त्याच्या मागे छापला गेला. शाळेत ही कल्पना पोचायला आणखी काही दशकं गेली. तोवर जीवनचक्राची जागा पक्की झाली होती.

भविष्यातल्या शिक्षकाची काळजी या विषयात कुणी आधी केली असेल तर ती अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठानं. १८९० च्या दशकात शेती मंदीत होती, माणसं गावं सोडून शहरात येत होती. तेव्हा ग्रामीण शाळांसाठी निसर्ग-अभ्यासाचा कार्यक्रम सुरू झाला. ॲना कॉमस्टॉक यांनी १९११ मध्ये जाडजूड मार्गदर्शिका लिहिली, ती मुलांसाठी नव्हे, शिक्षकांसाठी.

आपल्याकडे १९३७ च्या, गांधीजींच्या मूलोद्योग शिक्षणाच्या वर्धा योजनेत निसर्ग-अभ्यास होता. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीत आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी काम केलं, तेव्हा गुरं राखणाऱ्या मुलांकडे शाळाच कुरणात गेली. आणि १९७२ मध्ये मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात सहावी ते आठवीच्या सोळा शाळांपासून विज्ञान शिक्षणाचा एक प्रयोग सुरू झाला. किशोर भारती आणि रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी तो उभा केला, १९८२ नंतर एकलव्य संस्थेनं पुढे नेला. त्यातली शिक्षक-प्रशिक्षणाची रीत मला आजही सर्वांत खरी वाटते. मुलांनी जे करायचं ते आधी शिक्षकांनी स्वतः करायचं: परिसरात फेरी मारायची, पानं-किडे गोळा करायचे, वाद घालायचे. परीक्षेलाही पुस्तक उघडं ठेवायची मुभा होती. शेकडो शाळांत पोचलेला हा कार्यक्रम २००२ मध्ये राज्य सरकारनं बंद केला. मोठं नुकसान झालं ते.

दरम्यान १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पर्यावरणवादी वकील एम. सी. मेहता यांच्या खटल्यात पर्यावरण शिक्षण सक्तीचं करण्याचा निर्देश दिला. हेतू चांगलाच होता, पण त्यानंतर परिसंस्था वर्गात बऱ्याचदा प्रदूषण आणि घोषवाक्यांच्या सोबतीनं आली. अळी कुठल्या झाडावर आहे, हा प्रश्न पुन्हा मागेच राहिला. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानं प्राथमिक स्तरावर विज्ञान, समाज आणि पर्यावरण एकत्र शिकवावं असं म्हटलं. मात्र सराव पाठ अजूनही एका तासिकेचा असतो, आणि लिंबाळी फुलपाखराला अंड्यापासून पंखांपर्यंत यायला तीन-चार आठवडे लागतात. खरी अडचण तिथे आहे.

तरी ती सुटण्यासारखी आहे. पाठांचा क्रम बरोबर आहे आणि ऋतूही. पहिला पाठ जूनमध्ये येतो, तेव्हा लिंबाळीची अळी ज्यांवर वाढते त्या कढीपत्त्याला आणि लिंबाला नवी पालवी असते. अध्यापक विद्यालयाच्या आवारात कढीपत्त्याची एक कुंडी असली तरी पुरे. कोवळ्या पानावर पिवळसर मोहरीएवढं अंडं सापडतं. लहान अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की पानासारखी हिरवी होते, म्हणजे पक्ष्याच्या नजरेचा विषय तिथेच निघतो. आणि कधीकधी कोषातून फुलपाखरू येतच नाही. कोषाला बारीक भोक पडतं आणि आतून इवल्या परोपजीवी गांधीलमाश्या बाहेर पडतात. छात्राध्यापकाला तो पाठ फसल्यासारखा वाटतो. तो फसलेला नाही. फुलपाखराचं जीवनचक्र जिथे थांबलं, तिथे गांधीलमाशीचं पूर्ण झालं, आणि पुस्तकातला दुसरा पाठ पहिल्या पाठाच्या आतच सुरू झाला.